जुन्या दवाखान्याचे केसपेपर संगणकावर आणताना

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या रामबागेत सासऱ्यांचा जुना दवाखाना. सासरे अजून सकाळी दोन तास बसतात, बाकीचा वेळ सूनबाई, स्वतः एम.डी. मेडिसिन, सांभाळतात. कपाटांत आणि माळ्यावर मिळून वीस हजारांच्या आसपास केसपेपर आहेत. कंपाउंडर काका वर्षभरात निवृत्त होणार, आणि कुठला गठ्ठा कुठे आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक. एका एजन्सीने सगळे कागद उचलून, स्कॅन करून, हार्ड डिस्क हातात द्यायचा भाव दिला आहे. डॉक्टरबाई विचारतात: सगळे एकदम स्कॅन करून घ्यावे का, सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, आणि नंतर कागद काढून टाकले तर चालतील का?

मी आधी मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये आणि नंतर इंदूरमधल्या छोट्या दवाखान्यांत हेच काम करत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एजन्सीला आत्ता होकार देऊ नका. पैशांचा भाग सोडा, आधी कामाचा हिशोब बघा. जुना केसपेपर स्कॅन करायचा म्हणजे पिना काढायच्या, दुमडलेले कोपरे उलगडायचे, दोन्ही बाजू घ्यायच्या, चिकटवलेल्या लॅबच्या चिठ्ठ्या वेगळ्या करायच्या आणि फाइलला बरोबर नाव द्यायचे. एका केसपेपरला सरासरी दोन मिनिटे धरली तरी वीस हजारांना साडेसहाशे तासांच्या वर लागतात. रोज चार तास माणूस बसवला तर साडेपाच महिने. एजन्सी हे लवकर उरकते, कारण ती शेवटची पायरीच गाळते. तुमच्या हातात येतात ‘स्कॅन ०००१’पासून पुढच्या हजारो फाइली, फार तर त्यांवर आडनाव. समोर रुग्ण बसलेला असताना त्यातून त्याचा कागद शोधणे कपाटात शोधण्यापेक्षा अवघड, कारण कपाट निदान कंपाउंडर काकांच्या ओळखीचे आहे.

शिवाय त्या वीस हजारांतले बरेच रुग्ण आता इंदूरमध्ये नाहीत, काही हयात नाहीत, काही केवळ एका तापासाठी एकदाच येऊन गेलेले. त्यांच्यावर तेवढीच मेहनत कशासाठी?

म्हणून सुरुवात माळ्यापासून नको, काउंटरपासून करा. एक तारीख ठरवा, शक्यतो पावसाळा सोडून, म्हणजे तापाच्या गर्दीत नवीन पद्धत बसवावी लागणार नाही. त्या दिवसापासून जो रुग्ण दारात येईल त्याची नोंद संगणकावर. त्याचा जुना केसपेपर त्याच दिवशी कपाटातून निघेल, तपासणी होईल, आणि दवाखाना बंद झाल्यावर तो स्कॅन होऊन त्यावर ठळक स्टिकर लागेल. स्टिकर लागलेला कागद वेगळ्या कपाटात. अशा रीतीने वर्षभरात तुमचे चालू रुग्ण आपोआप संगणकावर येतात, कुणालाही साडेपाच महिने बसवावे लागत नाही, आणि मागे राहिलेला गठ्ठा कोणाचा आहे तेही स्पष्ट होते.

एकाच गटाला आधी हात घाला, वाट न पाहता: ज्यांचे औषध वर्षानुवर्षे चालू आहे ते. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, हृदयाचे, फिट्सचे, रक्त पातळ करण्याची गोळी घेणारे. यांची यादी सासऱ्यांकडून तोंडी घ्या, मोठ्या डॉक्टरांना ती पाठ असते.

आता मुख्य मुद्दा. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्या फोटोतले डॉक्टरी अक्षर संगणकाला भरवशाने वाचता येत नाही. छापील अक्षर ओळखणारी सॉफ्टवेअर्स तीस वर्षांच्या घाईच्या लिखाणापुढे हात टेकतात. त्यामुळे फोटोबरोबर एक गोषवारा टाइप झाला पाहिजे, आणि तो डॉक्टरनेच वाचून ठरवलेला हवा. प्रत्येक चालू रुग्णासाठी एक पान पुरते: कोणते आजार आणि कोणत्या सालापासून, सध्याची औषधे मात्रेसकट, कशाची ॲलर्जी, शस्त्रक्रिया आणि ॲडमिशन, शेवटचे महत्त्वाचे आकडे (वजन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारे एचबीएवनसी, जे त्या रुग्णाला लागू असेल ते), आणि घरात कुणाला काय. बाकी सगळे फोटोत राहू द्या, लागले तर उघडून बघता येते.

ॲलर्जीचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. तिथे तीनच उत्तरे असावीत: ‘आहे’ आणि कशाची व काय झाले होते, ‘विचारले, नाही’, किंवा ‘अजून विचारले नाही’. रिकाम्या रकान्याचा अर्थ घाईत सगळे ‘नाही’ असाच घेतात, आणि तो अर्थ कुणीही दिलेला नसतो. सॉफ्टवेअर बघायला बसाल तेव्हा हे तीन पर्याय ठेवता येतात का ते विचारा.

मोठ्या डॉक्टरांची गरज का, ते दुसऱ्या एका दवाखान्यातल्या कार्डावरून सांगते. नाव बदलले आहे. जाड पिवळट कार्ड, वर ‘काळे’ आणि खाली वसाहतीचे नाव. जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे असते तसे अख्ख्या घराचे एकच कार्ड. डाव्या समासात प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर: ‘आ.’ म्हणजे आजी, ‘ना.’ म्हणजे नातू, ‘सू.’ म्हणजे सून. मध्येच एका ‘सू.’समोर लाल शाईने, खाली रेघ ओढून, ‘सल्फा नको’. तिथे एका एजन्सीने हे कार्ड आधीच काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलेले होते. त्यात ती लाल ओळ बाकीच्या ओळींसारखीच दिसत होती, आणि फाइलचे नाव होते ‘काले परिवार’. मूळ कार्ड हातात घेतल्यावर प्रश्न उभा राहिला की सून कोणती, कारण त्या घरात दोन. थोरली अजून रुग्ण, धाकटी पुण्याला. तिथल्या वृद्ध डॉक्टरांनी कार्ड पाहताच सांगितले: धाकटी, सल्फा गटाचे औषध असलेल्या को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्यांनी अंगभर पुरळ उठले होते. धाकटी दर गणपतीला इंदूरला येते आणि आल्यावर काही झाले तर त्याच दवाखान्यात जाते. तिच्या नावाची वेगळी नोंदच नव्हती. ती उघडली, ॲलर्जी तिथे लिहिली, आणि थोरलीच्या नोंदीत ‘विचारले, नाही’.

हे ज्ञान कागदावर नाही. ते तुमच्या सासऱ्यांकडे आणि कंपाउंडर काकांकडे आहे, आणि ते मिळवायचे दिवस हेच आहेत. रोज दवाखाना संपल्यावर अर्धा तास दोघांना बसवा. दुसऱ्या दिवशी येणार असलेल्या जुन्या रुग्णांचे कागद काढा, सासरे सांगतील, तुम्ही गोषवारा टाइप करा. पहिल्याच आठवड्यात एक खुणांची चावी तयार करा: कोणत्या संक्षेपाचा काय अर्थ, वर्तुळातला आकडा म्हणजे बाकी राहिलेली फी की पुढची तारीख, बरोबरच्या खुणेचा (टिक) अर्थ काय. जुन्या दवाखान्यात ‘मिक्श्चर ३’ असे लिहिलेले असते आणि त्यात काय होते ते फक्त कंपाउंडरला माहीत असते. ही चावी स्कॅन करून सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. तुमच्यानंतर जो कुणी हे कागद उघडेल त्याला तिच्याशिवाय अर्धे कळणार नाही.

त्या कार्डावरून दुसरी गोष्टही ओघाने येते: कुटुंबाचे कार्ड फोडून प्रत्येक माणसाची स्वतंत्र नोंद करावीच लागते. प्रत्येकाला एक क्रमांक, जन्मभरासाठी, दवाखान्यापुरता. तो पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, माणूस वारला तरी. घराचा धागा तुटू नये म्हणून ‘कुटुंब’ असा वेगळा रकाना ठेवा. फॅमिली डॉक्टरची अर्धी ताकद त्या धाग्यात असते. वडिलांचा मधुमेह मुलाच्या नोंदीवरून एका क्लिकवर दिसला पाहिजे.

ओळख पक्की करणे हेच या सगळ्या कामाचे मूळ आहे. मोबाइल नंबर म्हणजे ओळख नव्हे. आपल्याकडे एका नंबरावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे असतात. आधारवरची जन्मतारीखही जपून घ्या. कित्येक ज्येष्ठांची ती १ जानेवारी असते, कारण खरी तारीख नोंदवताना माहीत नव्हती. तरी वय लिहू नका, जन्मसाल लिहा. ‘वय ४५’ ही नोंद पुढच्याच वर्षी चुकीची होते. मुलींचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव, दोन्ही ठेवा. लग्नानंतर नाव बदलले की दुसरी नोंद उघडली जाते आणि बाळंतपणाआधीचा सगळा इतिहास पहिल्या नावावर पडून राहतो. काउंटरवरच्या मुलीला एक सवय लावा: ‘तुम्ही शिंदेकाकू ना?’ असे विचारायचे नाही. बरे नसलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘पूर्ण नाव सांगा, जन्मसाल सांगा’ असे विचारायचे आणि त्यांचे उत्तर नोंदीशी ताडून बघायचे.

एकाच माणसाच्या दोन नोंदी निघाल्या तर घाईने जोडू नका. दोन नोंदी असणे ही गैरसोय आहे. दोन माणसे एका नोंदीत शिरणे हा धोका आहे, एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाते आणि पहिल्याच्या नावावरून पुसली जाते. जोडायचा अधिकार फक्त डॉक्टरांकडे ठेवा.

नावांच्या लिखाणात इंदूरची खास अडचण आहे. काउंटरवर बहुधा हिंदीभाषक मुलगी असते आणि ती ‘काळे’ला ‘काले’ लिहिते, ‘साळुंके’ला ‘सालुंके’. सासऱ्यांच्या कागदावर ‘ळ’ आहे, संगणकात ‘ल’, शोधले की सापडत नाही आणि नवीन नोंद होते. रोमन लिपीत तर एकाच आडनावाची चार रूपे. यावर माझा उपाय साधा आहे. शोधण्यासाठी रोमन लिपीत, आधारवर जसे आहे तसे एक नाव, आणि जोडीला देवनागरीत रुग्ण स्वतः लिहितो तसे. शोध मात्र नावावर एकट्यावर नाही, नावाची पहिली तीन अक्षरे आणि जन्मसाल यांवर.

देवनागरी टाइप करताना कृतिदेव फाँट वापरू देऊ नका. मध्य प्रदेशात टायपिंग शिकलेली बहुतेक मुले कृतिदेववर शिकलेली असतात आणि हात त्यावर भरभर चालतो. पण कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी देवनागरी नसतोच, ती रोमन अक्षरे असतात, फक्त वेगळी दिसतात. शोध लागत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, दुसऱ्या यंत्रावर उघडले की कचरा दिसतो. युनिकोडच वापरा. बोटांची सवय मोडावी लागत नाही, कारण युनिकोडमध्ये रेमिंग्टन गेल नावाची कळरचना मिळते. राज्याच्या सीपीसीटी या संगणक-टायपिंगच्या परीक्षेतही ती चालते, म्हणजे मुलांना ती माहीत असते.

स्कॅनबद्दल मोजके. तीनशे डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू, पीडीएफ. रंगीत का ते वर आलेच. जागेची चिंता करू नका, रंगीत पान एक-दोन एमबीचे धरले तरी तुमचा अख्खा माळा एका साध्या डिस्कवर मावतो. कागद आपोआप ओढणारा स्कॅनर नवीन कागदांना उत्तम, पण जुनी ठिसूळ आणि चिकटवलेली कार्डे त्यात घालू नका, त्यासाठी काचेचा साधा स्कॅनर किंवा स्टँडवर लावलेला मोबाइल बरा. फाइलचे नाव सगळीकडे एकाच साच्यात: रुग्णक्रमांक, मग तारीख, मग प्रकार. तारीख साल-महिना-दिवस अशी, म्हणजे २०२५-०३-१४, की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते.

एका कागदाला मात्र रांग मोडून आधी घ्या: थर्मल पेपर. ईसीजीच्या पट्ट्या, सोनोग्राफीच्या छोट्या प्रिंट्स, काही लॅबच्या पावत्या. उन्हाने, उष्णतेने, प्लॅस्टिकच्या पाकिटाने, सेलोटेपच्या डिंकाने ते पुसट होत जातात. इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल त्याचा विचार करा. हृदयरुग्णाचा जुना ईसीजी आजच्या ईसीजीशेजारी ठेवून बघता येणे किती मोलाचे असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

नवे कागद तर रोज येतच राहतात, आणि आता ते व्हॉट्सॲपवर येतात. रिपोर्टचा वाकडा फोटो, डॉक्टरच्या खासगी फोनवर, लग्नाच्या आमंत्रणांच्या मधोमध. दवाखान्याचा वेगळा नंबर घ्या आणि तो दवाखान्याच्याच फोनवर ठेवा. लॅबला सांगून ठेवा की फोटो नको, मूळ पीडीएफ पाठवा, त्यातला मजकूर शोधता येतो. आलेला रिपोर्ट त्याच दिवशी रुग्णाच्या नोंदीत गेला पाहिजे, आणि डॉक्टरांनी बघितल्याची खूण त्यावर पडली पाहिजे. नोंदीत गेला पण कुणी पाहिलाच नाही, असा बिघडलेल्या क्रिएटिनिनचा रिपोर्ट कागदावर होता त्यापेक्षा जास्त खोल गाडला जातो. कागद निदान टेबलावर समोर पडलेला असायचा.

सॉफ्टवेअरचे नाव मी सुचवणार नाही, कारण रोज नवी येतात आणि त्यांतली काही बंदही पडतात. म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारा: उद्या तुमची कंपनी सोडली तर माझा सगळा डेटा मला कोणत्या स्वरूपात मिळेल? उत्तर ‘एक्सेल किंवा सीएसव्ही आणि प्रत्येक रुग्णाचे पीडीएफ, तुम्ही स्वतः केव्हाही काढू शकता’ असे हवे, आणि ते समोर बसून करून दाखवायला लावा. ‘मागाल तेव्हा देऊ’ यावर जाऊ नका. दुसरा, इंटरनेट गेल्यावर काय चालते. तिसरा, कुणी कोणती नोंद केव्हा बदलली याचा माग राहतो का, आणि जुनी नोंद पुसली न जाता खाली दिसते का. चौथी कसोटी तुमची स्वतःची: डेमोच्या वेळी विक्रेत्याला बाजूला बसवा आणि खरा वाटेल असा एक रुग्ण, तीन आजार, सात औषधे, तुम्ही टाइप करा. रुग्णाकडे बघायला वेळ उरला का? नसेल तर ते सॉफ्टवेअर कितीही चकचकीत असो, ओ.पी.डी. तुंबली की दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही पुन्हा कागदावर याल.

सरकारी बाजूही बघा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झाले. त्यात रुग्णाचा १४ आकडी आभा (आरोग्य खाते) क्रमांक, डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नोंदणी, आणि रुग्णाच्या संमतीने एका ठिकाणचे रेकॉर्ड दुसरीकडे दिसण्याची सोय आहे. तुमचे सॉफ्टवेअर या मिशनशी जोडलेले असले तर पुढे उपयोग होईल. एम.वाय. या सरकारी रुग्णालयात दाखवून आलेल्या रुग्णाचे कागद तुमच्यापर्यंत नीट पोहोचावेत असे तुम्हाला वाटतेच. पण आभा ऐच्छिक आहे, नाही म्हणणाऱ्याला काउंटरवर अडवायचे नाही. आणि तुमचा दवाखान्यातला क्रमांक त्याच्या जागी काढून टाकू नका, दोन्ही ठेवा.

प्रिस्क्रिप्शन छापील निघू लागले की रुग्णाला पहिल्या दिवसापासून फरक दिसतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत २०१६ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायचे आहे; छापील पानावर ते सहज साधते. कसे घ्यायचे ते मात्र रुग्णाच्या भाषेत छापा. रामबाग, नारायण बागेतल्या आजींना ‘सकाळी जेवणानंतर एक’ हे मराठीत मिळाले की गोळ्या चुकत नाहीत. ड्रॉपडाउनमधून औषध निवडताना एकसारख्या नावांची गफलत होते, शेजारच्या ओळीवर क्लिक होते. म्हणून छापण्याआधी एकदा वाचायचा नेम ठेवा.

त्याच आचारसंहितेत रेकॉर्डबद्दलही लिहिले आहे: भरती झालेल्या रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायचे, रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे, दिलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रांची वही ठेवायची, आणि रेकॉर्ड चटकन मिळावे म्हणून संगणकीकरणाचा प्रयत्न करायचा. २०२३मध्ये नवे नियम निघाले, पण ते लगेच स्थगित झाले, त्यामुळे २००२चेच चालू धरा. तीन वर्षे ही किमान मर्यादा आहे आणि ती भरती रुग्णांपुरती. दीर्घ आजाराच्या रुग्णाचा कागद तीन वर्षांत निरुपयोगी होत नाही, आणि लहान मुलांचे कागद ती सज्ञान होऊन पुढे काही वर्षे होईपर्यंत ठेवावेत असे माझे ठाम मत आहे. कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, हा कायदा १ जुलै २०२४पासून लागू आहे. ज्या केसमध्ये तक्रार, पोलीस, विमा किंवा अपघात आहे तिचा मूळ कागद स्कॅन झाला तरी जपून ठेवा.

काही कागद तर संगणकावर असूनही कागदच राहतात. तुमच्याकडे सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखालचा फॉर्म एफ संगणकावर भरला तरी छापून, जबाबदार व्यक्तीची सही घेऊन ठेवावा लागतो, निदान दोन वर्षे. जैववैद्यकीय कचऱ्याचे रेकॉर्ड २०१६च्या नियमांप्रमाणे पाच वर्षे, आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. दवाखान्याची १९७३च्या मध्य प्रदेश कायद्याखालची नोंदणी, तुमचे राज्य परिषदेचे प्रमाणपत्र, अशा सगळ्या कागदांची एक वेगळी फाइल करा आणि नूतनीकरणाच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि ते सगळ्यात आधी उरकले तरी चालेल.

गुप्ततेचे काम मोठ्या शब्दांपेक्षा टेबलाच्या दिशेने सुरू होते. काउंटरचा स्क्रीन रांगेकडे तोंड करून असेल तर आधी तो फिरवा. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा लॉगिन, आणि काउंटरवरच्या मुलीला नाव, वेळ, फी एवढेच दिसेल, आजाराचे निदान दिसणार नाही. नोकरी सोडणाऱ्याचा लॉगिन त्याच संध्याकाळी बंद. एचआयव्हीची नोंद फाइलच्या बाहेर किंवा यादीच्या रकान्यात कोणत्याही खुणेने दिसू देऊ नका. २०१७चा कायदा त्याबाबत स्पष्ट आहे आणि आपल्या वस्त्यांत काउंटरवरचा आणि रांगेतला माणूस एकमेकांचा नातेवाईक निघतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे. डेटा फुटला तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्याचा डेटा फुटला त्याला कळवायची जबाबदारी तो तुमच्यावर टाकतो, आणि सुरक्षेत हलगर्जीपणा झाल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटींची आहे.

बॅकअपबद्दल आग्रहाने सांगते. २०२२च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले आणि जवळजवळ दोन आठवडे तिथे कागदावर काम चालले. तुमच्या दवाखान्यात सर्व्हर नाही, पण असा हल्ला घेऊन येणारी फसवी लिंक तुमच्या काउंटरच्या ईमेलवरही येऊ शकते. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यांतली एक दवाखान्याबाहेर. पासवर्ड लावलेल्या दोन डिस्क आलटून पालटून वापरा, एक घरी, एक दवाखान्यात. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा, जोडलेली राहिली तर हल्ल्यात तीही कुलूपबंद होते. आणि महिन्यातून एकदा कुठलाही एक रुग्ण निवडून त्याची नोंद बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप आहे असे मी धरत नाही.

वीज जाते, नेट जाते, संगणक बसतो. त्यासाठी काउंटरच्या खणात छापील कोऱ्या केसपेपरचे पॅड कायम ठेवा, त्यावर वेगळी क्रममालिका, आणि दिवस संपायच्या आत त्या नोंदी संगणकात चढवायची जबाबदारी एका माणसाच्या नावाने. हे काम ‘सगळ्यांचे’ असले की कुणाचेच राहत नाही.

कंपाउंडर काकांना निवृत्तीनंतरही सहा महिने, रोज दोन तास, मानधनावर येण्याची विनंती करा. एजन्सीला जाणार होते त्या पैशांतला थोडा भाग इथे लागेल आणि त्याचा मोबदला कितीतरी जास्त मिळेल. कुठल्या कुटुंबाने केव्हा घर बदलले, कोणत्या दोन जोशींचे कागद नेहमी एकमेकांत जातात, हे ते बसल्या बसल्या सांगतील. त्यांच्याशेजारी नव्या मुलीला बसवा.

राहिला शेवटचा प्रश्न, कागदांचा. पहिली दोन वर्षे काहीही काढून टाकू नका, फक्त माळ्यावरून खाली कोरड्या, वाळवी नसलेल्या जागी आणा. दोन वर्षांत जे एकदाही लागले नाहीत आणि ज्यांच्या शेवटच्या भेटीला बराच काळ लोटला आहे, ते तुम्ही आणि सासरे मिळून चाळा. वर सांगितलेले अपवाद बाजूला ठेवा: मुलांचे, तक्रारीचे, दीर्घ आजारांचे, कायद्याने ठरवलेल्या वह्या. उरलेले नष्ट करता येतील, पण अटालेवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, विकून अजिबात नाही. रद्दीतला केसपेपर नावासकट पुडी होऊन कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. श्रेडरमध्ये घालायचे, आणि आपला माणूस तिथे उभा असताना. बाहेरच्याकडून करून घेतले तर त्याच्याकडून लेखी घ्या. नष्ट केलेल्या कागदांची यादी, म्हणजे क्रमांक, नाव, शेवटच्या भेटीची तारीख, नष्ट केल्याची तारीख आणि तुमची सही, ही मात्र कायमची जपायची. दहा वर्षांनी कुणी जुना कागद मागायला आले तर त्यांना देण्यासारखे ठोस उत्तर त्या यादीतूनच मिळेल.